बारा पिढ्यांमागचा शेतकरी

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या आईच्या आजीचे माहेरचे आडनाव काय? वर्गातल्या पन्नास जणांपैकी दोन-चार जणांनाच ते सांगता येईल. वडिलांच्या बाजूने पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे घडाघडा म्हणणारे पुष्कळ भेटतात. काही घरांत वंशावळही लिहून ठेवलेली असते. पण तिच्यात पुरुषांचीच नावे एकाखाली एक मांडलेली असतात. बायकांची नावे बहुधा नसतातच आणि असली तरी सासरची.

आता कॅनडाच्या पूर्वेकडील क्वेबेक प्रांतात चला. येथील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषा बोलतात. त्यांचे पूर्वज सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्समधून येऊन सेंट लॉरेन्स नदीच्या काठी शेती करू लागले. ते राजे नव्हते की सरदार नव्हते. त्यांतील कित्येकांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. असे असूनही आज तेथील शाळेतला मुलगा आपल्या घराण्याचा मागोवा बारा-तेरा पिढ्या मागे घेऊ शकतो. तोसुद्धा वडिलांच्या आणि आईच्या, दोन्ही बाजूंनी. हे कसे शक्य होते? आणि एवढा खटाटोप करून हाती काय लागते? मी पदार्थविज्ञान शिकवतो, वंशावळी जुळवणे हा काही माझा विषय नव्हे. परंतु पुरावा कसा तपासावा, याचा असा सुंदर धडा आमच्या प्रयोगशाळेतही क्वचितच मिळतो.

आपण एक खरे उदाहरण घेऊ या. क्वेबेकमध्ये सर्वांत अधिक आढळणारे आडनाव म्हणजे त्रांब्ले. तेथील शंभर माणसांमागे साधारण एक जण त्रांब्ले असतो. उत्तर अमेरिकेतील जवळजवळ सारे त्रांब्ले ज्या एका माणसाचे वंशज आहेत, त्याचे नाव पिएर त्रांब्ले. त्याचा जन्म फ्रान्समधील पेर्श परगण्यात, रांदोने गावी १६२६ च्या सुमारास झाला. १६४७ मध्ये तो शेतमजुरीचा करार करून कॅनडात आला. असे मजूर साधारणपणे तीन वर्षांच्या बोलीवर येत, म्हणून त्यांना ‘छत्तीस महिनेवाले’ असे नाव पडले होते. मुदत संपली की अनेक जण परत जात. पिएर परतला नाही. २ ऑक्टोबर १६५७ रोजी क्वेबेक येथे ओझान आशों या फ्रान्सहून आलेल्या तरुणीशी त्याचे लग्न झाले. पुढे लांज-गार्दियें या गावी त्यांनी जमीन कसली. त्यांना बारा मुले झाली आणि चार मुलग्यांपासून वंश पुढे चालला.

एका मजुराची एवढी माहिती आपल्याला आज कशी कळते?

चर्चची वही

एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीला पॅरिश म्हणतात. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने लग्ने आणि बाप्तिस्मे यांची वही ठेवावी असा नियम केला. फ्रान्सच्या राजाने १५३९ मध्येच बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा केली होती. कॅनडात आलेल्या पाद्र्यांनी हीच पद्धत बरोबर आणली. क्वेबेक शहरातील वही १६२१ पासून सुरू होते.

या वह्यांत सर्वांत मोलाची असते ती लग्नाची नोंद. तीत तारीख असते, वराचे नाव, त्याच्या आईवडिलांची नावे आणि गाव असते. वधूचीही तशीच सर्व माहिती असते. मग साक्षीदारांची नावे आणि सह्या. सही येत नसेल तर ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हे वाक्य. पिएर त्रांब्लेच्या लग्नामुळेच आपल्याला कळते की त्याचा बाप फिलिबेर आणि आई जान क्वान्ये. पहिल्या पिढीतील माणसाचे फ्रान्समधले गाव नोंदवलेले असल्यामुळे समुद्रापलीकडच्या वहीपर्यंतही जाता येते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॅनडातील या वह्यांत विवाहित स्त्री शेवटपर्यंत माहेरच्या आडनावाने ओळखली जाई. मुलाच्या बाप्तिस्म्यात, मुलीच्या लग्नात, स्वतःच्या दफनाच्या नोंदीतही ओझान ही ‘आशों’च राहते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते, आणि त्याच क्षणी वंशावळीच्या दृष्टीने तिचा धागा तुटतो. क्वेबेकमध्ये तो तुटला नाही. पुढे याचा शास्त्रज्ञांना किती उपयोग झाला ते आपण पाहणारच आहोत.

या वह्यांनाच सरकारी नोंदवहीचा दर्जा होता आणि १९९३ अखेरपर्यंत तो टिकला. वहीची एक प्रत चर्चमध्ये आणि दुसरी न्यायालयाच्या दप्तरात ठेवण्याची पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे रूढ झाली. दोन प्रतींचे महत्त्व काय, हे क्वेबेकमधील लोकांना चांगले ठाऊक होते. १६४० च्या जूनमध्ये तेथील चर्चला आग लागली आणि वही जळाली. तेव्हाची वस्ती लहान होती, म्हणून लोकांच्या आठवणींवरून ती पुन्हा लिहून काढता आली. वस्ती मोठी असती तर ते जमते ना.

चर्चच्या वहीखेरीज नोटरीचे कागद असत: लग्नाचे करारनामे, जमिनीचे दस्त, माणूस मेल्यावर त्याच्या घरातील भांडीकुंडी, गुरेढोरे, नांगर यांची केलेली यादी. आपल्याकडील सातबारा आणि फेरफार यांच्याशी यांचे नाते सहज ओळखू येईल. झाकारी क्लुतिए नावाचा एक सुतार पेर्शहूनच १६३४ मध्ये कॅनडात आला. त्याला लिहिता येत नव्हते. नोटरीच्या कागदावर सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचे चित्र काढीत असे! कुऱ्हाडीची ती खूण दिसली की हा दस्त त्याचाच, याबद्दल शंका राहत नाही.

याशिवाय खानेसुमारी होतीच. जाँ तालों या अधिकाऱ्याने १६६६ मध्ये घरोघर फिरून नावनिशीवार मोजणी केली. तीत ३,२१५ माणसे नोंदली गेली. १६६७ आणि १६८१ मध्येही अशा मोजण्या झाल्या. १६८१ च्या मोजणीत तर माणसांबरोबर बंदुका, गुरे आणि लागवडीखालची जमीनही नोंदलेली आहे.

उलट्या दिशेने चालणे

आता समजा, शिकुतिमी गावात राहणाऱ्या त्रांब्ले आडनावाच्या मुलाला पिएरपर्यंत पोचायचे आहे. पुष्कळ नवशिके पिएरपासून सुरुवात करून खाली यायला पाहतात. ती वाट चुकीची. पिएरच्या लाखो वंशजांच्या फांद्यांतून आपली फांदी शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय. वर जाताना मात्र प्रत्येक पायरीला एकच बाप आणि एकच आई असते. म्हणून आधी स्वतःची जन्मनोंद, मग आईवडिलांच्या लग्नाची नोंद. तीत दोन्ही आजी-आजोबांची नावे मिळतात. मग त्यांच्या लग्नाची नोंद शोधायची. असे एकेक लग्न धरून चढत जायचे. पिढी साधारण तीस वर्षांची धरली तर १६२६ पासून आजच्या शाळकरी मुलापर्यंत बारा-तेरा पिढ्या होतात. म्हणजे बारा-तेरा लग्ने सापडली की काम झाले.

ऐकायला सोपे वाटते, पण खाचखळगे बरेच आहेत. नावाचे लेखन पाद्री कानाला येईल तसे करीत. त्रांब्ले हेच नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. गियों या नावाचे कालांतराने दियों झाले; प्रसिद्ध गायिका सेलीन दिओन ही १६३४ मध्ये आलेल्या जाँ गियों नावाच्या गवंड्याची वंशज आहे. सैनिकांची टोपणनावे ही आणखी एक अडचण. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर या पलटणीचे सुमारे १,२०० शिपाई आले आणि त्यांतले ४०० च्या आसपास शेतकरी होऊन राहिले. त्यांची पलटणीतील टोपणनावे मूळ आडनावाला चिकटली. काही मुलांनी एक नाव चालवले, काहींनी दुसरे. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली! याच्या उलट, एखादे तान्हे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवीत. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. त्याच मुलाच्या दफनाची नोंद दोन पाने पुढे आहे का, हे पाहिले पाहिजे.

येथे थोडे गणित करू या. समजा, प्रत्येक पायरी बरोबर असण्याची शक्यता १०० मध्ये ९५ आहे. परीक्षेत ९५ टक्के गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. परंतु बारा पायऱ्या लागोपाठ बरोबर असण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे ०.५४ इतकीच येते. जवळजवळ नाणेफेकच. प्रत्येक पायरी ९९ टक्के खात्रीची केली तर ती ०.८९ पर्यंत चढते. म्हणून प्रत्येक पायरीला एकाऐवजी दोन स्वतंत्र पुरावे हवेत: चर्चची नोंद आणि नोटरीचा करार, किंवा नोंद आणि खानेसुमारी. चुका गुणाकाराने वाढतात, ही गोष्ट मोजमापाच्या प्रयोगात जितकी खरी तितकीच येथेही.

हे काम पूर्वी एकेकट्याने चालत असे. सिप्रियें तांगे या पाद्र्याने आयुष्याची कित्येक वर्षे पॅरिशच्या वह्या चाळण्यात घालवली आणि १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला. मग संगणक आले. १९६६ मध्ये माँट्रियल विद्यापीठात ह्युबेर शार्बोनो आणि जाक लेगारे यांनी फ्रेंच अमदानीपासूनच्या सर्व पॅरिश नोंदी संगणकावर घेऊन कुटुंबे जुळवण्याचा प्रकल्प सुरू केला. १९७२ मध्ये जेरार बुशार यांनी शिकुतिमीला तशाच प्रकारचे दुसरे काम आरंभले. या जुळणीतून कळले की कुऱ्हाडीची खूण काढणाऱ्या झाकारी क्लुतिएचे १८०० पूर्वी लग्न झालेले वंशज १०,८५० होते.

पूर्वज किती?

आता एक गंमत पाहा. तुम्हाला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. बाराव्या पिढीत २ चा बारावा घात म्हणजे ४,०९६ जागा होतात. शिकुतिमीचा मुलगा आडनावाच्या जोरावर ‘मी पिएरचा वंशज’ असे म्हणतो, तेव्हा तो ४,०९६ पैकी एकाच जागेबद्दल बोलत असतो. उरलेले ४,०९५ त्याचे तितकेच पूर्वज आहेत. घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा, असे मला वाटते.

परंतु १६६६ च्या खानेसुमारीत माणसे ३,२१५, आणि जागा ४,०९६! मग एवढे पूर्वज आले कोठून? त्यानंतरही काही हजार लोक फ्रान्सहून येऊन स्थायिक झाले हे खरे. १६६३ ते १६७३ या काळात राजाने खर्च करून सुमारे ८०० तरुणी लग्नासाठी पाठवल्या होत्या. तरीही खरे उत्तर वेगळे आहे. एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झाल्याची उदाहरणे तुमच्या माहितीत असतील. अशा जोडप्याच्या मुलाला पणजी-पणजोबांच्या जागा आठच असतात, पण माणसे सहाच भरतात; कारण आईच्या बाजूचे एक आजी-आजोबा आणि वडिलांच्या बाजूचे एक आजी-आजोबा ही एकच जोडी असते. क्वेबेकमध्ये इतकी जवळची लग्ने फार होत नसत. चुलत-चुलत भावंडांच्या लग्नालाही चर्चची खास परवानगी लागे आणि ती लग्नाच्या नोंदीत लिहीत. परंतु पाच-सहा पिढ्यांमागचे नाते कोणाच्या ध्यानात राहणार? पिएर आणि ओझान ही नावे आजच्या एका मुलाच्या वंशवृक्षात अनेक वेळा येऊ शकतात.

आणि ती काही भागांत अधिक वेळा का येतात, याचे कारण शेतीत आहे. नदी हाच तेथला रस्ता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरगाडी. त्यामुळे प्रत्येकाला नदीकाठ हवा. म्हणून जमीनदार शेतकऱ्याला नदीला काटकोनात असलेली लांबट पट्टी देई. रुंदी बहुधा तीन आर्पां, लांबी तीस किंवा चाळीस आर्पां. एक आर्पां म्हणजे सुमारे ५८ मीटर. साधारण पावणेदोनशे मीटर रुंद आणि पावणेदोन किलोमीटर लांब अशी ही पट्टी होय. (ही जमीन मुळात तेथील आदिवासींची, हे सांगायला हवे. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ते विचारात घेतले नाही.) बापाच्या पश्चात वाटण्या झाल्या की पट्ट्या आणखी चिंचोळ्या होत. शेवटी १७४५ मध्ये राजाला हुकूम काढावा लागला की दीड आर्पांहून कमी रुंदीच्या जमिनीवर घर बांधू नये. हे तुकड्यांचे दुखणे आपल्या शेतकऱ्यांना नवीन नाही.

मग धाकट्या मुलांनी नव्या जमिनी शोधल्या. लोकसंख्या तर भराभर वाढत होती. १६६६ मधील तीन हजारांची १७६० पर्यंत सुमारे सत्तर हजार झाली, म्हणजे एकवीस-बावीस वर्षांनी दुप्पट. लोक नदीकाठाने ईशान्येकडे शार्लव्हा भागात गेले आणि तेथून १८३८ नंतर सागने नदीच्या खोऱ्यात. जाताना भाऊ, मेहुणे, साडू एकत्र जात. एकाच गोतावळ्याने नवा मुलूख वसवला.

दोन आजारांची कहाणी

सागने खोऱ्यात टायरोसिनेमिया नावाचा यकृताचा एक आनुवंशिक विकार आढळतो. शरीरात टायरोसिन नावाच्या द्रव्याचे नीट विघटन होत नाही आणि उपचार न मिळाल्यास मूल दगावते. जगात हा रोग अत्यंत विरळा. या खोऱ्यात मात्र जन्मणाऱ्या सुमारे १,८५० मुलांत एकाला तो होतो. मूल आजारी पडायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. एकाकडूनच आले तर माणूस निरोगी राहतो, पण वाहक असतो. येथे साधारण २२ माणसांत एक वाहक आहे. मग दोघे वाहक असण्याची शक्यता ४८४ मध्ये एक. त्यांच्या मुलाला दोन्ही सदोष जनुके मिळण्याची शक्यता चारात एक. गुणाकार केला की १,९३६ मध्ये एक. प्रत्यक्ष आकड्याशी हा किती जुळतो पाहा!

१९६९ मध्ये क्लोद लाबेर्ज या डॉक्टरांनी आजारी मुलांच्या वंशावळी चर्चच्या वह्यांतून वर नेल्या, तेव्हा त्या सतराव्या शतकातील एका जोडप्याशी येऊन मिळाल्या. दोष फ्रान्सहून आला, शेतकऱ्यांबरोबर नदीकाठाने सरकला आणि गोतावळ्याच्या वस्तीत वाढला. त्या जोडप्याचा यात अपराध काही नाही. प्रत्येक माणसाच्या अंगी असे काही सदोष जनुक असतातच. कळल्याचा फायदा मात्र मोठा झाला. क्वेबेकमध्ये नवजात बालकांची तपासणी सुरू झाली. १९९० च्या दशकात गुणकारी औषधही मिळाले, आणि आज वेळेवर निदान झालेले मूल जगते. आपण वाहक आहोत का, हेही तेथील तरुणांना तपासून घेता येते.

दुसरी कहाणी माहेरच्या आडनावांची आहे. लेबरच्या दृष्टिविकारात तरुण वयात, मुख्यतः पुरुषांची, दृष्टी जाते. त्याचा दोष पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये असतो आणि हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. म्हणजे त्याचा माग काढायचा तर आई, तिची आई, तिची आई असेच गेले पाहिजे. ज्या वंशावळीत बायकांची नावेच नाहीत, तिचा येथे काडीचा उपयोग नाही. क्वेबेकमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की तेथे आढळणारा या विकाराचा एक दोष, राजाने पाठवलेल्या तरुणींपैकी एकीपासून आला आहे. तिचे लग्न १६६९ मध्ये क्वेबेक येथे झाले होते. आजारी पडतात पुरुष, पण दोष पुढे नेतात स्त्रिया. त्यामुळे निसर्गनिवडीला तो तीन शतकांत काढून टाकता आला नाही, हेही त्यांना याच वह्यांतून मोजता आले.

बापाकडच्या धाग्याला अशीच साक्ष वाय गुणसूत्राची मिळते. ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते. पिएरच्या दोन वेगळ्या मुलग्यांपासून आलेले दोन त्रांब्ले आज घेतले आणि त्यांची वाय गुणसूत्रे जुळली, तर दोघांच्या कागदोपत्री साखळीतील एकूण एक कडी एकदम सिद्ध होते. न जुळली तर कोठेतरी दत्तक घेतलेले मूल, पाद्र्याची चूक किंवा झाकून ठेवलेली गोष्ट असते. इतर गुणसूत्रांचे तसे नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी वाटली जातात, त्यामुळे बाराव्या पिढीतील बहुतेक पूर्वजांकडून आपल्यापर्यंत एकही तुकडा आलेला नसतो. कागदावर पूर्वज, रक्तात पत्ता नाही!

आपल्याकडे असे काही आहे का? ट्रेंटचा तोच नियम गोव्यातील चर्चनाही लागू होता, म्हणून तेथील कॅथलिक कुटुंबांना बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या जुन्या वह्या पाहता येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावे आणि गावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. शिवाय जमिनीचे फेरफार, शाळेचे दाखले आणि घरातील म्हातारी माणसे आहेत. सुट्टीत एका कागदावर दोन, चार आणि आठ अशा चौदा चौकटी आखा. प्रत्येकीत नाव, जन्मगाव आणि बायकांचे माहेरचे आडनाव लिहा, आणि कोणती माहिती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदात मिळाली, ते खाली लहान अक्षरांत नोंदवा. सुरुवात आईच्या आजीपासून करा. ती चौकट भरायला सर्वांत अवघड जाईल.